कोट न काढणारी बाई

"बॅग खाली टेकवू नकोस. ओली होईल," बाई म्हणाल्या.

मी बॅग पुन्हा उचलली. आत काय भरलं होतं देव जाणे, पण वजनावरून अख्खा संसार असावा. धक्क्यावर वारा असा सुटला होता की आमच्या अंगणात सुटला असता तर वाळत घातलेली लुगडी थेट चिपळूणला जाऊन उतरली असती. समोर बोट उभी होती. बोटीच्या फळीवर लालबुंद गालांची, दिवस भरत आलेली एक पोरगी, आणि तिचा दंड धरून उभ्या आमच्या बाई, मिसेस इशबेल मॅक्रे. साठी ओलांडलेल्या, काठीसारख्या सरळ, अंगात घोट्यापर्यंतचा करडा कोट. बोटीवरच्या माणसाशी त्या काहीतरी बोलल्या, पोरीच्या गालावर हात ठेवला, माझ्याकडून बॅग घेतली आणि आत दिली. बोट सुटली. ठिपका होऊन दिसेनाशी झाली तरी बाई तिथंच उभ्या.

"जाऊ या?" मी विचारलं. माझी बोटं गारठून लाकडं झाली होती.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आल्यापासून रोज विचारत होत्या तेच विचारलं. "ती आता कोणाकडे आहे?"

"बोटीवाल्याकडे," मी म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

हे माझं परदेशातलं उच्च शिक्षण.

माझ्या गोष्टीतलं निम्मं तुम्ही सोडून देता हे मला ठाऊक आहे. आजही सोडा. फक्त कुठलं निम्मं, ते मी सांगणार नाही.

झालं असं होतं की पुण्याच्या एका संस्थेनं मला निवडून स्कॉटलंडला धाडलं होतं. बाळंतपणात बायका दगावू नयेत म्हणून धडपडणाऱ्या तरुण माणसांना काही महिने परदेशातल्या जाणत्या माणसाच्या हाताखाली ठेवायचं, अशी ती योजना. जाणत्या माणसाला म्हणायचं मेंटॉर आणि आम्हाला म्हणायचं उद्याचं नेतृत्व. मी तेव्हा कोयनेच्या पाण्याकाठी कारगावला नर्स होते. तिशी गाठायची होती. त्या खोऱ्यात माझ्याइतकं बडबडणारं दुसरं कोणी नसल्यामुळे नेतृत्व माझ्याकडे आलं.

बाकीच्या नेत्यांना मोठमोठी शहरं मिळाली. कोणाला प्रोफेसर मिळाला, कोणाला हॉस्पिटलचा डायरेक्टर. मला मिळालं ओर्से नावाचं बेट. तिथं माणसं मूठभर आणि मेंढरं इतकी की मतदान घेतलं असतं तर सरपंच मेंढरांचाच झाला असता. मेंटॉर म्हणून मिळाल्या या निवृत्त सुईणबाई. त्यांचं इंग्रजी मला कळेना, माझं त्यांना. तेवढ्यापुरतं आमचं बरं जमायचं.

मी जाताना योजना घेऊन गेले होते. भिंतभर तक्ता. प्रत्येक गावात किती गरोदर बायका, कोणाला कधी तपासायचं, कोणाच्या घरी कधी जायचं, कुठल्या आईला काय धोका, सगळं रंगीत. शेवटी तो ग्लासगोच्या मोठ्या सभेत मांडायचा होता. पहिल्याच दिवशी मी तो बाईंच्या टेबलावर पसरला आणि विचारलं, "कसा वाटतो?"

बाईंनी तो नीट बघितला. चहा ओतला. म्हणाल्या, "उद्या तीनची बोट आहे. ये धक्क्यावर."

बस्स. रोज धक्का. त्या बेटावर बाळंतपणं होत नसत. दिवस भरत आले की बायकांना बोटीनं पलीकडच्या शहरात जाऊन राहावं लागे. त्यांना बोटीत बसवायला बाई जात आणि बॅगा उचलायला मी. सातासमुद्रापार जाऊन मी हमाल झाले. माझा दादा मुंबईत माथाडी कामगार होता. त्याला तरी हमालीचा पगार होता.

त्यात बाईंचं एक खूळ. बोट सुटल्यावर घरी यायच्या आणि कोट तसाच अंगात ठेवून फोनजवळच्या खुर्चीत बसायच्या. टोपी काढायच्या, बूट काढायच्या, पण कोट नाही. चूल ढणढणत असायची तरी. मी मनात म्हणायचे, म्हातारी एक तर चिक्कू आहे नाही तर हिला हिवताप आहे. पलीकडून कधीतरी फोन यायचा, बाई "हो, हो" करायच्या, मग उठून कोट खुंटीला लावायच्या आणि स्वयंपाकाला लागायच्या. बोटीला उशीर झाला की मी उपाशी.

हे सगळं मी हसत सोसलं असतं. पण माझा अर्धा जीव कारगावात होता. दादाची बायको कांता पहिलटकरीण होती. मी निघाले तेव्हाच तिचे पाय सुजायला लागले होते आणि रक्तदाब वर सरकत होता. पहिलटकरणीला तसं झालं की एकाएकी झटके येतात, आई जाते आणि मूलही जातं. माझ्या डोळ्यांसमोर गेलेल्या दोघी मला माहीत होत्या. आईला मी पाटावर बसवून सांगितलं होतं, "आई, हिला सोनघळला धाडायची नाही. पलीकडे ना डॉक्टर ना रस्ता. हिचं बाळंतपण तालुक्याच्या हॉस्पिटलात. दर आठवड्याला तपासायची."

"बरं बाई," आई म्हणाली होती. "मी काय तुझ्या शब्दाभायेर हाय व्हय?"

सोनघळ म्हणजे कांताचं माहेर. धरणाच्या पाण्यापल्याड, लाँचनं जायचं, उतरल्यावर डोंगर चढायचा.

फोन मी बाईंच्या घरून लावायचे, कारगावच्या पोस्टात. तो लागणं म्हणजे आधी पुणे, मग सातारा, मग देवाची मर्जी. पोस्टमास्तर भिकूअण्णा उचलायचे आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "यमूचा फोन! विलायतेवरनं!" मग आईला बोलवायला माणूस जायचा, तोवर अण्णा मला पोटभर विचारून घ्यायचे.

"काय गं यमू, तिथं राणीबिणी दिसती का रस्त्यात?"

"काल आली होती दळण घेऊन," मी म्हणायचे. अण्णा ते जाऊन पारावर सांगायचे.

मग आई यायची. "बरं हाय सगळं. तू खातीस ना?"

"कांताचे पाय कसे आहेत?"

"पायाला काय धाड भरलीया? बरं हाय."

"तिला दे फोन."

"आत्ता पाण्याला गेली बघ."

पुढच्या खेपेला कांता झोपली होती. त्यापुढच्या खेपेला वेणी घालत होती. मग देवळात. मग एकदा चक्क लाइनच कापली गेली, आणि मला अजून संशय आहे की आईनंच खटका दाबला. मी रिसीव्हर आपटला. बाईंनी चहाच्या कपावरून बघितलं.

"तपासणी होते आहे की नाही तेच कळत नाही," मी म्हणाले. "नुसतं बरं आहे, बरं आहे."

"ती आता कोणाकडे आहे?"

मग मात्र माझा बांध फुटला. "तुम्हाला दुसरं काही येतं का हो? मी शिकायला आले. तुम्ही मला एक गोष्ट शिकवली नाहीत. माझा तक्ता तुम्ही बशी ठेवायला वापरता. मी प्रश्न विचारला की तुम्ही उलट प्रश्न विचारता. आमच्याकडे गुरू सांगतो आणि चेला ऐकतो. इथं गुरू चहा पितो आणि चेला बॅगा उचलतो!"

निम्मं मराठीतच निघालं होतं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "थंड झाला असेल. दुसरा ओतू?"

मी दार आपटून बाहेर गेले आणि लगेच आत आले. बाहेर गारा पडत होत्या. त्या देशात धड रागावताही येत नाही.

पुढच्या फोनला आईला बोलवायला माणूसच मिळेना. अण्णा एकटे होते. मी सहज म्हटलं, "अण्णा, आमच्या कांताला तरी हाक मारा."

"आता कांता कुठली इथं?" अण्णा म्हणाले. "महिना झाला की तिला सोनघळला जाऊन. ओटी भरली तशी मुराळी आला आन घेऊन गेला. लाडू काय झाल्तं म्हणून सांगू..."

"अण्णा, आईला आणा. आत्ता. नाही तर तुम्ही तिथून फुकट बोलता ते मी साताऱ्याला कळवीन."

आई आली. धापा टाकत होती.

"आई, कांता कुठं आहे?"

"हितंच..." आई म्हणाली. मग एकदम चवताळली. "मग काय करू? तिचा भाऊ मुराळी म्हणून दारात उभा. पहिली खेप माहेरची. मुराळ्याला रिकाम्या हातानं परत धाडू व्हय? पाव्हण्यारावळ्यांत तोंड दाखवायला नको?"

"बरं, धाडलीस. पण त्यांना सांगितलंस ना? पाय, रक्तदाब, गोळ्या?"

पलीकडे नुसती खरखर.

"आई?"

"असं कसं सांगायचं गं? व्याह्यांनी चांगली धडधाकट पोरगी दिली आपल्याला. आता म्हणू, घ्या तुमची लेक, आमच्यात येऊन तिला दुखणं लागलं? म्हणतील, खायला घातलं न्हाई, राबवून घेतली. मी सांगितलं, तब्येत चांगली हाय. सुजेला म्हनलं, अंगानं भरलीया."

"आणि गोळ्या?"

"त्या हितंच हायत. फळीवर."

थापा मारायचा गुण माझ्यात कुठून आला, ते मला त्या दिवशी कळलं.

मी फोन ठेवला. बाई समोरच होत्या. मी जमेल तसं सांगितलं: माहेर म्हणजे काय, मुराळी म्हणजे काय, सून परत सोपवताना तिचं दुखणं का लपवतात. बाई उठल्या, माझा तक्ता आणला, त्यावरची बशी बाजूला केली.

"पहिल्या बाळंतपणाला सगळ्याच जातात?"

"सगळ्याच."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? पहिल्यापासून."

"मग तुझ्या तक्त्यात त्या सगळ्या सासरच्या गावातच कशा बाळंत होतात?"

मी तक्त्याकडे बघितलं. हिरव्या रेघा, तांबड्या रेघा, तारखा. सातव्या महिन्यानंतर त्या घरांमध्ये पहिलटकरणी नसतातच. हे मला माहीत नव्हतं का? मी स्वतः दहा जणींच्या ओटीभरणाला जेवून आले होते. पण श्वास घेतो हे कोणी तक्त्यात लिहीत नाही, तसं झालं होतं. पुण्याच्या संस्थेतल्या मॅडमनाही ते दिसलं नव्हतं. त्यांचंही बाळंतपण माहेरीच झालं असणार.

"ती आता कोणाकडे आहे?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ वाटला.

"कोणाकडेच नाही," मी म्हणाले.

सोनघळला फोन नव्हता. पत्र जाईस्तोवर बारसं झालं असतं, नाही तर दुसरं काही. आईला पल्याड धाडावं, तर ती जाणार नाही आणि गेली तरी सांगणार नाही. दादाला मुंबईहून निघून पोचायला वेळ लागणार, शिवाय जावई बोलला तर व्याही म्हणणार, आमच्यावर विश्वास नाही का? खरं बोलून काही होण्यासारखं नव्हतं. मग मला जे येतं ते मी केलं.

मी पुन्हा पोस्टात फोन लावला. "अण्णा, एक गुपित आहे. पोटात ठेवाल?"

"म्हंजे काय," अण्णा म्हणाले.

"इथल्या एक फार मोठ्या डॉक्टरीणबाई शुक्रवारी आपल्या तालुक्याच्या हॉस्पिटलात येणार आहेत. विमानानं. त्यांना पाण्याकाठची एक पहिलटकरीण बघायची आहे, तिच्या माहेरच्या माणसांसकट. त्यांचा फोटो इथल्या पेपरात यायचाय. त्या म्हणतात सोनघळचीच पाहिजे. मी म्हटलं, सोनघळची माणसं बुजरी, ती कुठली वेळेवर येतात. आपण दुसरं गाव बघू. तुम्ही कुणाला बोलू नका हं."

"यमू," अण्णांचा आवाज दाटून आला होता, "माझ्या तोंडातनं शब्द जायचा न्हाई."

तो शब्द दुपारच्या लाँचनं पल्याड गेला.

मग मी तालुक्याला फोन लावला. तिथली सिस्टर वायदंडे माझ्या बॅचची. तिला मात्र खरं सांगितलं. ती म्हणाली, "येऊ दे तर खरी. एकदा टेबलावर चढली की मी उतरू देत नाही."

रात्री जेवताना मी बाईंना माझी करामत ऐकवली. वाटलं होतं, हसतील. बाई हसल्या नाहीत. "या वेळी ठीक आहे," म्हणाल्या. "पुढच्या पोरीला कुठली डॉक्टरीण येणार?"

मी मनात म्हटलं, ह्या बाईला एकदा तरी शाबास म्हणता येत नाही.

शुक्रवारी सकाळपासून मी फोन फिरवत होते. आपल्याकडे तेव्हा दुपार. लाइन लागेना. लागली तर दुसरीकडेच लागायची. एकदा सांगलीच्या कुठल्या तरी गुळाच्या व्यापाऱ्याकडे लागली आणि तो मला भाव सांगत बसला. बाई आतून आल्या. त्या दिवशी बोट नव्हती, धक्क्यावर जायचं नव्हतं, पाऊसही नव्हता. तरी त्यांच्या अंगात करडा कोट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. येऊन फोनजवळच्या खुर्चीत बसल्या.

मी बघतच राहिले. मग उठून माझा कोट आणला आणि घातला.

आम्ही दोघी त्या ढणढणत्या चुलीपुढं कोट घालून बसलो. जेवणवेळ झाली आणि गेली. घाम येत होता. कोणी काढला नाही.

शेवटी लाइन लागली. सिस्टर वायदंडेचा श्वास फुललेला. "यमे, अगं काय सांगू. दोन लाँच भरून माणसं. तुझे व्याही कोट-टोपी घालून, सगळ्या बायका ठेवणीतल्या लुगड्यात. हॉस्पिटलच्या दारात रांगोळी काढली गं त्यांनी. मला म्हणतात, बाई कुठायत? मी म्हटलं, आधी पेशंट आत, मग बाई. रक्तदाब बघितला आणि डॉक्टरांना ओरडून बोलावलं. आत घेतली आणि घटकाभरात झटका आला तिला. लाँचमध्ये आला असता तर..."

"सिस्टर, कांता?"

"आहे. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं. मुलगी झाली. उंदराएवढी आहे, पण ओरडते तुझ्यासारखी. दोघी आहेत आमच्याकडे."

मी बाईंकडे वळले. "दोघी त्यांच्याकडे आहेत," मी म्हणाले.

बाई उठल्या. कोट काढून खुंटीला लावला. माझाही घेतला आणि शेजारी लावला. मग मटण शिजायला टाकलं.

ग्लासगोच्या सभेत मी तक्ता नेला नाही. काय सांगितलं ते कोणाला फारसं समजलं नाही, मला इनाम-बक्षीसही मिळालं नाही, आणि नेतृत्व म्हणून पुण्याच्या संस्थेनं पुढं माझं नाव कुठं घेतलं नाही. सोनघळचे व्याही मात्र मरेपर्यंत विचारायचे, "ती विलायती बाई यायची हुती, तिचं काय झालं?" मी म्हणायचे, विमान पंक्चर झालं.

परत आल्यावर मी एकच केलं. पहिलटकरीण माहेरी निघाली की मी लाँचच्या धक्क्यावर जाऊन उभी राहायचे. सासूनं पोरीचं दुखणं मुराळ्याला माझ्यासमोर सांगायचं, तेव्हा लाँच सुटायची. लाँचवाल्याला तसा दम दिला होता. सासवांनी मला काय काय शिव्या घातल्या, त्या लिहिल्या तर कागद पेटेल. निम्म्या जणी माझ्यासमोर सांगायच्या आणि मुराळ्याला मागून डोळा मारायच्या. वैताग नुसता. आजही तिथल्या नव्या नर्सबाई येऊन माझ्यापुढं रडतात, ताई, सगळ्या म्हणतात बरं आहे, बरं आहे. मी विचारते, ती आता कोणाकडे आहे? त्या माझ्याकडे अशा बघतात, की त्यांना मला बशी फेकून मारावीशी वाटत असणार.

आणि पल्याडनं पोचल्याचा निरोप येईपर्यंत मी पायातल्या चपला काढायचे नाही. तशीच घरात फिरायचे, चुलीपाशीसुद्धा. आईचा तळतळाट व्हायचा. "बाटवलं घर! विलायतेला जाऊन हीच अक्कल आणली का?"

ती उंदराएवढी पोरगी मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली. तिला दिवस गेले तेव्हा आई नव्वदीला टेकली होती. पोरीच्या सासूनं तिचं अंगावरून पांढरं जाणं, कमी रक्त, सगळं मुराळ्याला मोजून सांगितलं आणि पोरगी आमच्याकडे यायला लाँचमध्ये बसली. मी धक्क्यावर वाट बघून थकले, लाँचला उशीर होता, म्हणून पाणी प्यायला घरी आले.

आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. तोंड धक्क्याच्या वाटेकडे. लुगड्याच्या काठाखाली तिच्या पायात चपला.

मी बघितलं ते तिला दिसलं.

"पाय गार पडल्यात," आई म्हणाली. "म्हनून घातल्यात."

वैशाख होता. ओट्याची फरशी भाकरी भाजेल इतकी तापली होती.